कमरेचे हत्यार आणि हातातला हिसका

निवडणुकीची आचारसंहिता लागली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या पोलीस ठाण्यांत एक वेगळीच वर्दळ सुरू होते. छाननी समितीने ज्यांना हत्यार जमा करायला सांगितले, ते परवानाधारक आपापली रिव्हॉल्व्हर, पिस्तुले, बारा बोअरच्या बंदुका घेऊन येतात. हवालदार हत्यारावरचा नंबर परवान्याशी ताडून पाहतो, काडतुसे मोजतो, चिठ्ठी बांधतो, पावती फाडून देतो. ही हत्यारे जवळून पाहण्यासारखी असतात. चामड्याचे कव्हर तुळतुळीत, नळी आतून आरशासारखी, चक्रीवर एक ओरखडा नाही. पट्ट्यात खोचलेल्या काडतुसांच्या पितळेवर मात्र हिरवट थर. पितळ वर्षानुवर्षे चामड्यात अडकून राहिले की त्यावर असा थर धरतो. विकत घेतल्या दिवसापासून ती काडतुसे पट्ट्याबाहेर आलेलीच नसतात.

आणि याच मंडळींच्या गप्पांत मॅग्नमचा विषय निघतो. मोबाइलवर परदेशातला कुणीतरी धिप्पाड गडी .500 मॅग्नमचा बार काढतो, हात डोक्यापर्यंत उडतो, बघणारे हसतात. मग ‘आपल्याला असले एखादे मिळायला पाहिजे’ हे वाक्य कुठल्या तरी खुर्चीतून येतेच. ऊस, द्राक्षे, बेदाणे, जमिनीचे चढे भाव, वाळू-खडीचे ठेके आणि बारमाही निवडणुका या सगळ्यांतून आलेल्या पैशाबरोबर या पट्ट्यात कमरेच्या हत्याराचाही एक रुबाब आला. गाडी मोठी घेतली तशी गोळीही मोठी हवी, इतका तो सरळ हिशेब आहे.

मॅग्नम हा शब्द मुळात शॅम्पेनच्या बाटलीचा. नेहमीच्या दुप्पट, म्हणजे दीड लिटरच्या बाटलीला ते नाव आहे. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने 1935 मध्ये नेहमीच्या .38 स्पेशलपेक्षा लांब आणि जास्त दारू भरलेले काडतूस आणले, त्याला .357 मॅग्नम म्हटले. पुढे आयडाहो राज्यातला एल्मर कीथ नावाचा पशुपालक शिकारी आणि लेखक मोठ्या बोअरसाठी हट्ट धरून बसला आणि 1950च्या दशकाच्या मध्यावर .44 मॅग्नम बाजारात आले. 1971 च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवूडने ते रोखून धरले आणि जगभर त्याची हवा झाली. 2003 मध्ये त्याच कंपनीने .500 मॅग्नम काढले. लांब नळीचे हे रिव्हॉल्व्हर भरते दोन किलोच्या आसपास आणि चक्रीत काडतुसे मावतात फक्त पाच. अस्वलाच्या मुलखात हिंडणाऱ्या शिकाऱ्याला त्याचा उपयोग असेल. ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) बाजारात किंवा कराडच्या कृष्णाकाठी अस्वल भेटत नाही.

आपल्याकडे परवानाधारकाच्या हाती प्रत्यक्षात पडते ते बहुतेक वेळा .32 बोअर. ब्रिटिश काळापासून सैन्य आणि पोलिसांच्या काडतुसांशी जुळणारे बोअर, म्हणजे .38, .455, 9 एमएम वगैरे, सर्वसामान्यांसाठी प्रतिबंधित आहेत. त्यांचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसतो, केंद्र सरकारकडे जावे लागते. परदेशी हत्यारांची आयात सामान्य नागरिकांना 1980च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली. त्याआधी आलेली जुनी रिव्हॉल्व्हर हातोहात विकली जातात आणि त्यांची किंमत ऐकून माणूस ट्रॅक्टरचा विचार करू लागतो. उरते ते मुख्यतः कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .32 रिव्हॉल्व्हर. त्याचे काडतूस 1896 सालचे. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोळी त्या काळीही सौम्यच समजली जायची.

आता थोडे गणित. .44 मॅग्नमची गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वाचारशे मीटरच्या आसपास. .32 ची गोळी साडेसहा ग्रॅमच्या आतली, वेग सव्वादोनशेच्या घरात. ऊर्जेचा हिशेब मांडला तर पहिली दुसरीच्या आठपटींहून जास्त भरते. पण न्यूटनचा तिसरा नियम नववीतला पोरगाही सांगेल. गोळी पुढे जाते तसे हत्यार मागे येते. मॅग्नम रिव्हॉल्व्हर वजनाने जवळपास दुप्पट असूनही मुठीत शिरणारा धक्का .32 च्या दहापटींपुढे जातो. शिकारी लोक म्हणायचे, बंदूक लाथ मारते. रिव्हॉल्व्हर नुसती लाथ मारत नाही, ते उसळते. नळी मुठीपेक्षा वर असते, त्यामुळे धक्का सरळ मागे न येता तोंड वर फेकतो.

याच गणिताची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. 2014 मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर आले. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन अवघे 500 ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. पर्समध्ये ठेवायला हलके, हे खरे. पण काडतूस तेच .32. सातशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा पाचशे ग्रॅमचे त्याच गोळीला सुमारे चाळीस टक्के जास्त हिसका देणार. हलके हत्यार सोपे असते हा दुकानातला समज रेंजवर पहिल्याच बाराला मोडतो.

हिसका आवरायला दंडात ताकद लागते, हाही असाच समज. कुस्तीच्या मुलखात तर तो फारच घट्ट बसलेला. खरे कौशल्य मुठीत आणि डोक्यात असते. मूठ जितकी वर पकडाल तितकी उसळी कमी. दुसऱ्या हाताने ती मूठ बाहेरून लपेटायची, मनगट ताठ, कोपर किंचित सैल, अंग थोडे पुढे झुकलेले. अंगठा चक्री आणि नळी यांच्या मधल्या फटीजवळ न्यायचा नाही, कारण त्या फटीतून गरम वायू बाजूला फुटतो आणि मोठ्या काडतुसात तो कातडी सोलून काढतो. जाणकार उस्ताद नवख्याच्या हाती मोठे हत्यार देताना चक्रीत एकच काडतूस भरतात. पहिल्या धक्क्याने बोट आवळले गेले आणि तोंड वर असताना दुसरा बार सुटला तर काय होते, हे त्यांना माहीत असते. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती उझी ही स्वयंचलित बंदूक दिली गेली. हिसक्याने नळी वर-डावीकडे फिरली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षकच मारला गेला.

पण हातापेक्षा मोठा शत्रू म्हणजे बार होण्याआधीची दचक. ती पकडायची एक जुनी युक्ती आहे. उस्ताद चक्रीत खरी काडतुसे आणि रिकामी, निर्जीव काडतुसे मिसळून भरतो. कुठले कधी येणार हे नेमबाजाला ठाऊक नसते. दोन बार नीट जातात. तिसऱ्याला चाप ओढला जातो, घोडा ‘टक्’ करून पडतो, आवाज नाही, धूर नाही, आणि तरीही नळीचे तोंड चार बोटे खाली झुकलेले सगळ्यांना दिसते. म्हणजे धक्का येण्याआधीच हाताने धक्क्याला उत्तर दिलेले असते. जिवंत काडतूस असते तर गोळी समोरच्याच्या पायापुढच्या जमिनीत गेली असती आणि शहाबादी फरशीवरून कुठेही उडाली असती. ही दचक पुस्तक वाचून जात नाही. ती शेकडो फैरींनी जाते, आणि सराव सुटला की परत येते.

शेजारच्या कोल्हापूरची राही सरनोबत 2018 च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकली. तिच्या हातातले पिस्तूल .22 बोअरचे, म्हणजे .32 पेक्षाही हलक्या हिसक्याचे. तिच्या प्रकारातल्या जलद टप्प्यात प्रत्येक फैरीला तीन सेकंद मिळतात. हात खाली, खुणेसरशी वर, एकाच हाताने नेम, बार, पुन्हा खाली. त्या तीन सेकंदांमागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव असतो. ज्याने आयुष्यात दहा फैरी झाडल्या नाहीत, त्याने अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, लग्नाच्या किंवा प्रचाराच्या गर्दीत हत्यार काढून आपण स्वतःला वाचवू असे मानणे हा भाबडेपणा आहे. ‘चालवायचे कशाला, नुसते दाखवले तरी पुरते’ असे यावर उत्तर येते. दाखवलेले हत्यार समोरच्याने ओढले तर, याचे उत्तर मात्र येत नाही.

या भागाला बंदुकीचे अप्रूप आहे ते उगाच नाही. स्वातंत्र्याआधी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच मातीत चालले, तुफान सेनेने शिस्तीत कवायत केली. 24 जुलै 1943 रोजी सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि सहकाऱ्यांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन तट ओलांडला, पाठलागात दोघे सहकारी गेले आणि दादांच्या खांद्यात गोळी बसली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जवानांची आठवण साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी या गावाने जपून ठेवली आहे. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये साताऱ्यातच उघडली. पण या सगळ्या परंपरेत हत्यारामागे कवायत होती, वरिष्ठाचा हुकूम होता, काम होते. आज त्यातले फक्त कव्हर उरले आहे.

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची अट घातली आणि त्यात हाताळणी, गोळीबाराचे तंत्र, निगा, साठवण हे सगळे आले. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवली आणि लग्न-मिरवणुकीतल्या हवेतल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. म्हणजे सुरुवातीला एकदा प्रशिक्षण आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्या नूतनीकरणात नेमाची परीक्षा नाही. गाडीच्या लायसन्सला निदान आठचा आकडा काढून दाखवावा लागतो.

त्यामुळे मोठे बोअर मिळावे की मिळू नये हा वाद इथे गैरलागू आहे. .32 झेपत नाही त्याला .44 चा विचार करण्याचा अधिकार नाही, आणि .32 झेपते की नाही हे तपासायची जागाच नाही, हा खरा प्रश्न आहे. यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. वर्षातून एक दिवस पोलिसांच्या गोळीबार मैदानावर परवानाधारकांना बोलवावे. काडतुसे त्यांची, फी त्यांची. पंचवीस फैरी, दहा मीटरवर एक लक्ष्य, मधे दोन-चार रिकामी काडतुसे मिसळून. शिकवायला माणसे शोधावी लागणार नाहीत. तासगाव तालुक्यात तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे आणि साताऱ्यात तर गल्लोगल्ली निवृत्त सुभेदार आहेत. बँकेच्या दारात स्टुलावर बसून त्यांचे कौशल्य गंजते आहे.

जो दोन वर्षे येणार नाही किंवा ज्याची नळी प्रत्येक वेळी खाली झुकेल, त्याचे हत्यार आचारसंहितेसारखेच ठाण्यात जमा राहावे. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या नूतनीकरणापासून एवढे एक मनावर घ्यावे. परवाना देणारे तेच आहेत.