समुद्रापासून दूर, जहाजासाठी प्रार्थना

जुलै महिन्याचा दुसरा रविवार कॅथोलिक ख्रिस्तसभेत 'सागर रविवार' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मिस्साबलीच्या वेळी खलाशी, मच्छीमार, त्यांची कुटुंबे आणि बंदरांतून त्यांची सेवा करणारे धर्मगुरू व प्रापंचिक यांच्यासाठी प्रार्थना केली जाते. वसई, अर्नाळा, उत्तन येथील धर्मग्रामांत ही प्रार्थना आपोआप ओठांवर येते. तेथे ज्याच्या घरातले कोणी समुद्रावर गेलेले नाही असे कुटुंब शोधावे लागेल. परंतु भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, आंबागडच्या डोंगरापाशी, जुलैच्या दुसऱ्या रविवारी धानाची रोवणी चाललेली असते. गुडघाभर चिखलात पऱ्हे लावणाऱ्या माणसाने कधी न पाहिलेल्या जहाजासाठी आणि त्यावरील परक्या माणसांसाठी प्रार्थना का करावी? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर 'आपण सर्व बंधुभगिनी आहोत' एवढ्या एका वाक्यात उरकणे बरे नव्हे.

आंबागडहून मुंबईचे बंदर आठ-नऊशे किलोमीटर दूर आहे. विशाखापट्टणमही काही जवळ नाही. तरीही या तालुक्याचा जहाजांशी असलेला संबंध जुना आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीजच्या खाणी याच तालुक्यात आहेत. जुन्या मध्य प्रांतातील हे खनिज परदेशी पाठविण्यासाठी जवळचे बंदर हवे होते. विशाखापट्टणमचे बंदर उभारण्यामागचे ते एक मुख्य कारण होते. रायपूर ते विजयनगरम हा लोहमार्ग १९३१ साली पूर्ण झाला आणि ७ ऑक्टोबर १९३३ रोजी 'जलदुर्गा' हे पहिले जहाज त्या बंदरात शिरले. आपल्या भागातील माणसाने जमिनीतून जे काढले ते जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी खलाशीच घेऊन गेला. त्या खलाशाला डोंगरी बुजुर्ग ठाऊक नव्हते आणि खाणीतल्या मजुरालाही तो खलाशी ठाऊक नव्हता.

याहून महत्त्वाचे असे की, नागपूर महाधर्मप्रांतात शुभवर्तमानाची जी वाट आली तीही याच किनाऱ्यावरून. सव्हॉय प्रांतातील ॲनेसी येथे फादर पीटर मेर्मिए यांनी १८३८ साली स्थापन केलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स मिशनरी संघाचे पहिले सदस्य १८४५ साली भारताकडे निघाले. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. म्हणजे या धर्मगुरूंना आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिने समुद्रावर काढावे लागले. विशाखापट्टणम येथे ठाणे करून त्यांपैकी काही कामठीच्या लष्करी छावणीपर्यंत पोहोचले. नागपूरला रेल्वे १८६७ साली आली; तोपर्यंतचा प्रवास पायी किंवा बैलगाडीने होत असे. १८४९ साली सेंट जोसेफ ऑफ ॲनेसी संघाच्या धर्मभगिनीही समुद्रमार्गेच आल्या. पुढे १८८७ साली नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या धर्मगुरूंची व धर्मभगिनींची नावे आपण आदराने घेतो. त्यांना किनाऱ्याला लावणाऱ्या खलाशांपैकी एकाचेही नाव आपल्या स्मरणात नाही. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघून ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले, हे आपली मुले पाठ सांगतात. त्या तेरा महिन्यांत शिडे कोणी सांभाळली, हे त्यांना कोणी शिकवीत नाही.

आज 'मिशनचे जहाज' असे म्हटले की बहुतेकांना आठवतात ती 'ऑपरेशन मोबिलायझेशन' या संस्थेची जहाजे. या संस्थेने १९७० साली 'लोगोस' हे पहिले जहाज घेतले. त्याच्या पहिल्या मोठ्या प्रवासाचा रोख भारताकडेच होता. सुएझ कालवा तेव्हा युद्धामुळे बंद असल्याने तेही आफ्रिकेला वळसा घालून आले. १९७७ साली घेतलेले 'डूलोस' तर १९१४ साली बांधलेले जहाज होते. समुद्रावर चालणारे जगातील सर्वांत जुने प्रवासी जहाज म्हणून त्याची ख्याती होती. २००९ च्या अखेरीस ते सेवेतून निवृत्त झाले. त्याच वर्षी 'लोगोस होप' सेवेत आले आणि २०२३ साली 'डूलोस होप' हे आणखी एक. बंदरात नांगर टाकायचा, जहाजावरचे पुस्तकांचे दालन लोकांसाठी खुले करायचे, गावातील शाळा, तुरुंग, रुग्णालये येथे सेवेस जायचे आणि काही आठवड्यांनी पुढल्या बंदराकडे निघायचे, असा त्यांचा क्रम असतो. कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सारे स्वयंसेवक. पगार नाही, उलट आपल्या खर्चाची तजवीज आपल्या मंडळीकडून वा मित्रपरिवाराकडून करून यावे लागते.

ही जहाजे कॅथोलिक नव्हेत, हे सांगणे अवश्य आहे. काही वाचकांच्या मनात त्यामुळे थोडा संकोच असेल. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तैक्याविषयी जो हुकूमनामा दिला त्यानुसार इतर ख्रिस्ती बांधवांसह आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करणे ही आपल्या मर्जीची बाब उरलेली नाही. आणि येथे कॅथोलिक धागाही आहेच. 'मर्सी शिप्स' ही रुग्णालय-जहाजांची संस्था १९७८ साली स्थापन करणारे डॉन स्टीफन्स हे स्वतः प्रॉटेस्टंट. त्यांनी या कार्यामागील प्रेरणेत कोलकात्यात झालेल्या मदर तेरेसांच्या भेटीचा आवर्जून उल्लेख केला आहे. त्यांच्या 'ग्लोबल मर्सी' या जहाजावर सहा शस्त्रक्रियागृहे आहेत. आफ्रिकेच्या बंदरांत ते महिनोन्महिने थांबते आणि ज्यांना शस्त्रक्रिया परवडणे शक्य नाही त्यांच्यावर ती विनामूल्य केली जाते.

भंडाऱ्याच्या माणसाला मात्र सर्वांत जवळचे वाटावे असे जहाज समुद्रावर नाहीच. ते नदीवर आहे. ब्राझीलमध्ये ॲमेझॉन नदीवर २०१९ च्या ऑगस्टपासून 'पापा फ्रान्सिस्को' नावाचे रुग्णालय-जहाज चालते. २०१३ साली रिओ द जानेरो येथे फ्रान्सिस्कन बंधूंच्या रुग्णालयास भेट देताना पोप फ्रान्सिस यांनी त्यांना विचारले, तुम्ही ॲमेझॉनमध्ये आहात का? नाही, असे उत्तर मिळताच, मग जायला हवे, असे ते म्हणाले. पुढे एका रासायनिक कारखान्याच्या प्रदूषणाच्या खटल्यातील नुकसानभरपाईचा पैसा या जहाजाच्या कामी आला. सुमारे ३२ मीटर लांबीच्या या जहाजावर क्ष-किरण, नेत्रतपासणी, दंतचिकित्सा, प्रयोगशाळा, शस्त्रक्रिया अशी सोय आहे. ज्या वस्त्यांना रस्ता नाही त्यांच्या धक्क्याला ते लागते. वैनगंगेच्या काठावरील गावांना पावसाळ्यात रस्ता तुटणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यात याच वैनगंगेत मिरची तोडणीला निघालेल्या मजूर स्त्रियांचा डोंगा उलटला आणि सहा जणींचा अंत झाला. पाण्यावर पोट असलेल्या माणसांसाठी करावयाची प्रार्थना आपल्याला वाटते तेवढी परकी नाही.

मिशन-जहाजावरील जीवन सुरक्षित असते असेही नाही. ४ जानेवारी १९८८ रोजी 'लोगोस' दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी बीगल खाडीत खडकावर चढले. जहाज गेले, सुदैवाने माणसे सर्व वाचली. ऑगस्ट १९९१ मध्ये फिलिपिन्समधील झाम्बोआंगा येथे 'डूलोस'च्या चमूचा कार्यक्रम चालू असता व्यासपीठावर हातबॉम्ब फेकण्यात आला. दोन तरुण सेविका मृत्युमुखी पडल्या. तेव्हा कप्तान, डॉक्टर, प्रचारक यांच्यासाठी प्रार्थना करताना इंजिनरूममध्ये चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उष्णतेत काम करणाऱ्याची आठवण आधी ठेवावी, असे मला वाटते. जहाज त्याच्यामुळे चालते, परंतु छायाचित्रात तो कधी दिसत नाही. संत पौल रोमकडे जात असता ज्या जहाजावर होते त्यावर २७६ जीव होते, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात नमूद आहे. पौल एक, उरलेले पावणेतीनशे कोण होते? सैनिक, कैदी, खलाशी. देवाने पौलाला जे आश्वासन दिले ते त्या सर्वांच्या प्राणांबद्दल होते.

म्हणूनच प्रार्थना ज्याच्यावर क्रूस रंगविला आहे त्या जहाजापाशी थांबू शकत नाही. आज जगातील मालवाहू जहाजांवर भारतीय खलाशी फार मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांची स्थिती मिशन-जहाजावरील स्वयंसेवकापेक्षा पुष्कळदा वाईट असते. २०२० च्या अखेरीस, महासाथीच्या काळात, सुमारे चार लाख नाविक कराराची मुदत संपूनही जहाजांवर अडकून होते. पोप फ्रान्सिस यांनी त्या वर्षी ऑगस्ट महिन्याचा प्रार्थना-हेतू समुद्रावर उपजीविका करणाऱ्यांसाठी ठेवला होता. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखाताजवळ 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र आदळून तीन नाविक ठार झाले. त्याच महिन्यात २६ तारखेला अमेरिकेत बाल्टिमोर येथे 'डाली' हे जहाज पुलावर आदळले. पुलावर काम करणाऱ्या सहा मजुरांचा मृत्यू झाला. जहाजावरील २१ खलाशांपैकी २० भारतीय होते. अपघातानंतर कित्येक आठवडे त्यांना जहाजावरून उतरता आले नाही, तपासासाठी त्यांचे भ्रमणध्वनीही काढून घेण्यात आले होते. त्यांच्यापर्यंत सिमकार्ड, खाद्यपदार्थ आणि दिलाशाचे शब्द पोहोचविणाऱ्यांत बाल्टिमोर महाधर्मप्रांताचे सागर-प्रेषितकार्य होते. ते खलाशी कोणत्या धर्माचे, हा प्रश्न तेथे उद्भवला नाही.

हे सागर-प्रेषितकार्य ४ ऑक्टोबर १९२० रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे काही प्रापंचिकांनी सुरू केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ जानेवारी १९९७ रोजी 'स्टेला मारिस' या पत्राद्वारे त्याची घडी घालून दिली. शताब्दीच्या वर्षापासून ते जगभर 'स्टेला मारिस', म्हणजे सागरतारका, याच नावाने ओळखले जाते. त्याचे स्वतःचे जहाज नाही. त्याचा सेवक शिडीने दुसऱ्याच्या जहाजावर चढतो, विचारपूस करतो, खलाशाला गावात नेऊन घरी फोन करण्याची सोय करतो, मागितल्यास जहाजावर मिस्सा साजरा होतो. माझ्या मते आपल्या काळातील मिशनचे जहाज ओळखावयाचे असेल तर ते येथे ओळखावे.

सर्वांत कठीण परिस्थिती असते ती मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांची. दोन महिने वेतन थकले, घरी पाठविण्याची सोय केली नाही किंवा अन्नपाणी बंद केले, तर आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार खलाशी 'परित्यक्त' ठरतो. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ साली ३१२ जहाजांवरील ३,१३३ नाविक अशा रीतीने टाकले गेले. त्यांत ८९९ भारतीय होते. कोणत्याही देशापेक्षा ही संख्या अधिक. आंबागडचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या काळात, सन १७०० च्या सुमारास, राजाखानाने बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा बंदीखाना केला आणि बंद्यांना आतल्या विहिरीचे सडके पाणी पाजीत, असे सांगितले जाते. बंदराबाहेर नांगरलेल्या, डिझेल संपलेल्या जहाजावर गंजक्या टाकीतले पाणी पिऊन दिवस मोजणाऱ्या माणसाची अवस्था समजून घेण्यास आंबागडकराला दूर जावे लागणार नाही.

आणि हा माणूस नेहमी केरळचा वा गोव्याचाच असतो असे नाही. विदर्भातील तरुणही आता जहाजावरील नोकरीच्या जाहिराती पाहतात. शेती परवडत नाही, भरती निघत नाही. अशा वेळी कोणी एजंट लाख-दोन लाख रुपये घेऊन परदेशी जहाजाचे स्वप्न दाखवितो आणि घरचे लोक बांधी गहाण टाकतात. येथे काही गोष्टी स्पष्ट माहीत असाव्यात. जहाजावर माणसे भरती करणाऱ्या संस्थेकडे भारत सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. परवानाधारकांची यादी संचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे सागरी श्रम करारास मान्य नाही. भारत हा करार २०१५ सालापासून मानतो. जहाज परित्यक्त झाल्यास चार महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन आणि घरी परतण्याचा खर्च देणारा विमा जहाजावर असलाच पाहिजे. करारपत्र न वाचता, जहाजाचे नाव न विचारता निघालेला मुलगा या संरक्षणाला मुकतो. धर्मग्रामातील युवक मंडळाने एका रविवारी मिस्सानंतर अर्धा तास एवढीच माहिती दिली तरी पुष्कळ होईल.

प्रार्थनेविषयी एक व्यावहारिक सूचना. 'सर्व नाविकांसाठी' असे मोघम न म्हणता दर वर्षी एखादे जहाज निवडावे. या वर्षी 'पापा फ्रान्सिस्को', पुढील वर्षी 'लोगोस होप' किंवा बातमीत आलेले एखादे परित्यक्त जहाज. ते कोठे आहे, त्यावर किती माणसे आहेत, त्यांना काय कमी आहे, एवढे शोधून विश्वासूंच्या प्रार्थनेत नावानिशी मांडावे. त्यात त्या गावच्या ढिवर बांधवांना आणि डोंगा चालविणाऱ्यांनाही गोवावे. रोवणीच्या हंगामात रविवारच्या मिस्साला उपस्थिती रोडावते, हे खरे. ज्यांना बांधीवरून येणे जमणार नाही त्यांनी त्या संध्याकाळी घरच्या जपमाळेतील एक दशक या हेतूने म्हणावे. जहाजावरील माणसालाही रविवारी सुट्टी नसते.