रिकाम्या कोठाराचे पिनाक

संचलनात ‘पिनाक’ दिसले की टाळ्यांचा कडकडाट होतो. कोठारात रॉकेटे किती, हे मात्र कोणी विचारीत नाही.

एक प्रक्षेपक ४४ सेकंदांत १२ रॉकेटे डागतो. सहा प्रक्षेपकांची बॅटरी पाऊण मिनिटात ७२! शत्रूच्या तोफा, सैन्याचा जमाव, रसदीचे तळ यांवर एकवट आघात करायचा आणि शत्रूने ठावठिकाणा हेरण्यापूर्वी जागा सोडायची, हे रॉकेट तोफखान्याचे कार्य. अस्त्र जितके वेगवान, तितकेच खादाड. पुण्यातील संशोधकांनी घडविलेले हे अस्त्र १९९९ साली कारगिलमध्ये कसोटीस उतरले.

आणि दिल्लीचे हिशेब? मार्च २०१३ मध्ये लष्कराच्या दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. हे कोणा विरोधकाचे भाषण नव्हे, महालेखापरीक्षकांचा २०१५ चा अहवाल आहे. निकष होता ४० दिवसांचा! शांततेच्या काळात दारूगोळ्यावरील खर्चास उधळपट्टी म्हणणाऱ्या पंडितांनी रिकाम्या प्रक्षेपकाशेजारी उभे राहून तोच युक्तिवाद जवानांना ऐकवावा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाकच्या रॉकेटांसाठी १०,१४७ कोटी रुपयांचे करार झाले, तेही देशी उत्पादकांशी. उत्तमच. आता त्यातील किती रॉकेटे प्रत्यक्ष कोठारात पोहोचली, याचा जाब संसदेने दरवर्षी घ्यावा.