जत्रेची सुपारी आणि गावाची जबाबदारी

गुढीपाडवा जवळ आला की पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतीलच नव्हे, तर दूरदूरच्या गावांतील यात्रा कमिटीची मंडळी तेथे येतात. ग्रामदैवताच्या जत्रेची तिथी सांगितली जाते, फड निवडला जातो, रकमेची घासाघीस होते आणि सुपारी ठरते. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते यामुळेच. या बोलण्यात एक प्रश्न मात्र अलीकडे हमखास विचारला जातो, तो म्हणजे नाचणाऱ्या किती आणि गाणी कोणती. वग कोणता, हे विचारणारा पंच क्वचितच भेटतो.

या परिसरातील जत्रेचा क्रम पिढ्यान् पिढ्यांचा आहे. पहाटे देवाला अभिषेक, दुपारी बैलगाड्यांचा घाट, संध्याकाळी पालखी व छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आणि मग कुस्त्यांचा आखाडा. लोकवर्गणीतून हे सारे होते. पुण्या-मुंबईचे चाकरमानी आणि माहेरवाशिणी त्यासाठी आवर्जून गावी येतात. तमाशा हा या देवकार्याचाच एक भाग होता. गणाने गणेशाला वंदन, गवळणीत कृष्णलीला, पुढे बतावणी आणि अखेरीस पौराणिक, ऐतिहासिक वा सामाजिक वग, अशी त्याची बांधणी. अक्षरशत्रू माणसाला राजा हरिश्चंद्राची कथा ज्या माध्यमांनी सांगितली, त्यांत कीर्तनाच्या जोडीला तमाशाही होता.

या कलेचे उपकार मोठे आणि तिच्या वाट्याला आलेली उपेक्षाही तेवढीच मोठी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पूर्ण दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, पडद्यामागे प्रसूत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर आल्या, ही हकिकत आजही कौतुकाने सांगितली जाते. ती ऐकताना मान अभिमानाने ताठ होण्याऐवजी शरमेने खाली जायला हवी. प्रसूतीच्या वेळीही जिला विसावा मिळाला नाही, तिच्या जिद्दीचे पोवाडे गाणारा समाज आपल्या निष्ठुरतेकडे सोयीस्करपणे डोळेझाक करतो. त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. जानेवारी २००२ मध्ये त्या निवर्तल्या आणि पुढे शासनाने त्यांच्याच नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांनीच गावाचे रंजन केले. समरसतेचा विचार मांडणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

पुरस्काराने ऋण फिटत नाही. कलावंताचा मान पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या वागण्यावर ठरतो. आज अनेक ठिकाणी काय दिसते? गण संपण्याआधीच शिट्ट्या, गवळण अर्धवट तोडून चित्रपटातील गाण्याची फर्माईश, मोबाईल उंचावून केलेले चित्रण आणि वग सुरू झाला की रिकामे होणारे पटांगण. एखादा टोळभैरव रंगमंचावर चढतो, दगडफेक होते आणि पोलिसांना यावे लागते. ज्या देवाच्या नावाने वर्गणी गोळा केली, त्याच देवाच्या दारात कोणाच्या तरी लेकीबाळींची ही विटंबना होते आणि गावातील वडीलधारी मंडळी 'पोरं आहेत' म्हणून गप्प बसतात.

सुशिक्षित मध्यमवर्गही या दोषातून सुटत नाही. वातानुकूलित सभागृहातील लावणी त्याला 'सांस्कृतिक वारसा' वाटते; कनातीतला तमाशा मात्र बिघडलेल्यांचा. १९७२ च्या 'पिंजरा' चित्रपटातील मास्तरांचे अधःपतन त्याच्या मनात इतके रुजले आहे की, फडातील बाई म्हणजे मोह, एवढेच समीकरण उरले. सभ्य माणसाने पाठ फिरवली की रिकामी जागा असभ्य माणूस भरतो आणि मग त्याच्या आवडीप्रमाणे खेळ बदलतो.

फडमालकांनी वगाला कात्री लावून चित्रपटगीतांचा रतीब घातला, द्व्यर्थी विनोदाचा आधार घेतला, हा आक्षेप खरा आहे. पण त्यांचे गणितही पाहावे. दसऱ्याला बाहेर पडलेला मोठा फड शंभराच्या आसपास माणसे, गाड्या, कनाती आणि वाद्ये घेऊन वैशाखापर्यंत गावोगाव फिरतो. पावसाळ्यात कलावंतांना उचल द्यावी लागते, ती बहुधा कर्ज काढूनच. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे कोरोनामुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा हा डोलारा कोसळण्याच्या बेताला आला. असा फड गावाच्या मागणीविरुद्ध किती काळ उभा राहील?

तुलनेसाठी याच भागातले दुसरे उदाहरण पाहा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या, तेव्हा जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ हा सारा पट्टा पेटून उठला. आंदोलने झाली, कायदा झाला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. खिलार बैलांसाठी नऊ वर्षे चिकाटीने लढणारा हा समाज आहे. त्या चिकाटीचा थोडा अंश माणसांच्या वाट्याला का येऊ नये?

त्यासाठी न्यायालयात जाण्याची गरज नाही. यात्रा कमिटीने सुपारी देताना वगाचे नाव विचारावे आणि तो पूर्ण होईल याची हमी घ्यावी. स्त्री कलावंतांना कपडे बदलण्यासाठी आडोशाची जागा, स्वच्छतागृह आणि वेळेवर जेवण द्यावे. ठरलेली बिदागी कोणतीही कुरकुर न करता चुकती करावी. गावातील जाणत्यांनी आणि तरुण कार्यकर्त्यांनी पहिल्या रांगेत बसावे. ज्या रांगेत शाळेचे गुरुजी आणि तालमीचे वस्ताद बसतात, तेथे शिट्टी वाजवण्याची हिंमत सहसा कोणी करत नाही.

चैत्र-वैशाखात गावोगावच्या भैरवनाथाच्या दारी ढोलकीवर थाप पडते. तमाशात सकाळच्या खेळाला हजेरी म्हणतात. कलावंत देवापुढे आपली सेवा रुजू करतो. रात्रभर जागून, पायांत चाळ बांधून तो हजर असतो. गावाने आपल्या सभ्यतेची हजेरी लावायची तेवढी बाकी आहे.