बावखलातले बुटके मासे

या वेळी टपालात वसईच्या एका मित्राचं पत्र आलंय. सातवीत आहे तो. त्याच्या वाडीत केळी आहेत, विहीर आहे आणि विहिरीजवळ बावखलही आहे. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो, वसईकडे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या छोट्या तळ्याला बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि हळूहळू जमिनीत मुरतं.

आता त्याची तक्रार ऐका. तो लिहितो, 'बावखलात मासे इतके आहेत की गळ टाकला की लगेच लागतो. पण दोन वर्षं झाली, एकही मासा माझ्या तळहाताहून मोठा होत नाही. मी तर एवढासा मासा लागला की परत पाण्यात सोडतो, वाढू दे म्हणून. भातही टाकतो त्यांना. तरी वाढत नाहीत. काका म्हणतात, कसला उपयोग नाही याचा, बुजवून टाकू. मी काय करू?'

प्रश्न नुसता माशांचा नाही, बावखलाचाच आहे! तेव्हा नीट विचार करू या.

पत्राबरोबर त्यानं माशाचं चित्रही काढून पाठवलंय. चपटं अंग, पाठीवर लांब काटेरी पर. हा बहुधा तिलापिया. आपल्याकडे त्याला चिलापी म्हणतात. हा मूळचा आफ्रिकेतला. भारतात तो 1952 मध्ये आणला गेला. कुठल्याही पाण्यात तगतो, काहीही खातो, भराभर वाढतो, म्हणून लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं. चांगली जागा मिळाली तर तो फूटभर होतो. मग आमच्या मित्राच्या बावखलातच तो असा बुटका का राहिला?

त्याचं उत्तर माशाच्या तोंडात आहे. खरंच सांगतो! चिलापीची मादी आपली अंडी तोंडात ठेवते. पिल्लं अंड्यांतून बाहेर आली तरी काही दिवस आईच्या तोंडातच राहतात. जरा धोका दिसला की सुळकन आत! त्यामुळे इतर माशांची अंडी-पिल्लं मोठ्या संख्येनं खाल्ली जातात, पण हिची बरीच वाचतात. वर्षातून अशी पिल्लं अनेकदा होतात. आणि जन्मल्यावर दोन-तीन महिन्यांतच ती पिल्लंही आईबाबा होऊ शकतात. करा हिशोब!

पण बावखल काही मोठं होत नाही. त्यातलं शेवाळ, किडे, बारीक जीव तेवढेच. समजा, एका बावखलात 40 किलो मासे जगतील एवढंच अन्न आहे. मासे 200 असतील तर एकेकाचं वजन 200 ग्रॅम भरेल. आणि मासे 4,000 असतील तर? एकेक मासा फक्त 10 ग्रॅमचा! वजन सगळ्यांचं मिळून तेवढंच, पण ताटात घ्यावा असा एकही नाही.

त्यात आणखी एक गंमत. गर्दीत अडकलेला चिलापी उंचीची आशा सोडतो आणि लहानपणीच अंडी घालायला लागतो. तोंडात पिल्लं असताना मादी जवळजवळ काही खातही नाही. मग ती वाढणार कशी?

म्हणजे, मित्रा, तू ज्यांना 'लहान आहेत' म्हणून सोडून देतोस ना, ती बाळं नाहीतच. त्यातले बरेच मासे चांगले मोठे, पोराबाळांचे आहेत! तुझी दया खरी आहे, पण त्या दयेनं गर्दी तेवढी वाढते आहे.

हे तुला कठोर वाटेल. पण तुझ्याच वाडीत बघ ना. केळीच्या बुंध्याभोवती पिल्लं फुटतात. आजोबा ती काढून टाकतात की नाही? एखादंच राखतात. सगळी राहू दिली तर केळी बारीक राहतील, लोंगर धड पोसणार नाही. तेव्हा आपण आजोबांना निर्दय म्हणतो का? बावखलाचंही तसंच आहे.

ही अडचण फक्त वसईची नाही बरं का. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न इथं होमर स्विंगल नावाच्या शास्त्रज्ञानं शेतातल्या तळ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तळी रिकामी करून त्यानं मासे मोजले, त्यांचं वजन केलं. तिथे ब्ल्यूगिल नावाचे छोटे मासे आणि त्यांना खाणारा बास, असे दोघे एकत्र सोडतात. बास कमी पडले की ब्ल्यूगिलची गर्दी होते आणि ते खुरटतात. उलट कुणी बास पकडायचेच नाहीत असं ठरवलं, तर बासच खूप होतात. मग त्यांना खायला पुरत नाही आणि डोकं मोठं, अंग लुकडं, असे बास तळंभर दिसतात. तेव्हा तिथले जाणकारही सांगतात, छोटे बास काढा, दरवर्षी काढा. शिकारी मासा असो की शेवाळ खाणारा, नियम एकच!

आता तू करायचं काय, ते लिहून घे.

पहिलं काम मोजण्याचं. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन वीस मासे पकड. एकटा पाण्यात उतरू नकोस, बावखलाच्या तळाला गाळ असतो, पाय रुततो. प्रत्येक मासा पट्टीवर ठेव आणि लांबी वहीत लिही. सगळे जवळपास एकाच मापाचे निघाले, डोकी मोठी आणि अंगं बारीक दिसली, एवढ्याशा माशाच्या तोंडात पिल्लं सापडली, तर आपला अंदाज बरोबर.

दुसरं काम गर्दी कमी करण्याचं. एप्रिल-मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा पाग टाकून मिळतील तेवढे काढा. दहा-वीस काढून काही होणार नाही, निम्म्याहून जास्त निघायला हवेत. छोटे मासे कुरकुरीत तळून मस्त लागतात. उरलेले केळीच्या मुळाशी खत म्हणून पुरा. मात्र शेजारच्या बावखलात किंवा ओढ्यात एकही सोडू नका, नाहीतर आपली डोकेदुखी शेजाऱ्याकडे जाईल!

तिसरं काम राखणदार नेमण्याचं. मरळ हा आपल्या मातीतलाच शिकारी मासा. गर्दी कमी झाल्यावर थोडे मरळ सोडले तर ते चिलापीची पिल्लं खात राहतात. पण मांगूरचा मोह नको. आफ्रिकेतून आलेल्या त्या मांगुराच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे. किती मरळ सोडायचे, ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या माणसांना विचारून ठरवा.

आणि भात टाकणं बंद! उरलेला भात कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात का, बघ बरं.

एक खरं सांगून ठेवतो. एकदा काढलं आणि संपलं, असं होत नाही. दोन-चार जोड्या राहिल्या तरी चिलापी पुन्हा वाढतो. तेव्हा हे दर उन्हाळ्याचं काम समज, घर शाकारण्यासारखं.

राहिले काका. त्यांना एवढंच सांग. वसई समुद्राच्या कुशीत आहे. जमिनीतलं गोडं पाणी कमी झालं की खारं पाणी आत सरकतं. बावखल पावसाचं पाणी मुरवतं, म्हणून आपल्या विहिरीला गोडं पाणी मिळत राहतं. बुजवलं तर मासे जातील, आणि पुढे कदाचित गोडं पाणीही. शिवाय त्यातले मासे डासांच्या अळ्या खातात, हे वेगळंच! काकांना म्हणावं, दोन उन्हाळे द्या. वही त्यांच्या समोर ठेव.

आणि बाकीच्या दोस्तांनो, तुमच्या गावात असं तळं असेल तर तुम्हीही वही घ्या. दर महिन्याला वीस मासे मोजा. त्यांची सरासरी लांबी वाढते आहे की थांबली आहे, ते आलेख काढून बघा. गणिताच्या बाई खूश होतील आणि तळंही.

तर मित्रा, पुढच्या पावसाळ्यानंतर पत्र पाठव. तुझ्या पट्टीवरचा सगळ्यात मोठा मासा किती सेंटीमीटरचा भरला, ते मला नक्की कळव. मी वाट बघतोय!