झडपेचा व्हिडिओ पाहिलात, इको केलात का?

मागच्या महिन्यात मनोरीचे एक काका फेरीबोटीने मार्वेला उतरून दवाखान्यात आले. जिना चढताना दम लागतो, आणि वर्षापूर्वी सांगितलेला इको अजून केलेला नाही! मोबाईलवर मात्र एक व्हिडिओ होता. हृदयाची झडप उघडतेय, रक्ताचे लाल-निळे भोवरे फिरतायत. "डॉक्टर, हीच टेस्ट करू या. कॉम्प्युटर सगळं सांगतो ना?"

काका मासेमारी करणारे, म्हणून मी त्यांना डोल जाळ्याचं उदाहरण दिलं. भरतीच्या ओढीने जाळं फुगतं आणि फुगलेलं जाळं पाण्याची वाट बदलतं, दोन्ही एकाच वेळी. झडपेच्या पातळ पडद्यांचंही तसंच आहे. दिवसातून सुमारे 1 लाख वेळा रक्त त्यांना ढकलतं आणि ते रक्ताला वळवतात. पुलाचा खांब जागचा हलत नाही, त्यामुळे त्याच्याभोवतीच्या पाण्याचं गणित त्या मानाने सोपं. इथे पडदा लवचिक, शिवाय वजनाला जवळपास रक्ताइतकाच. चार्ल्स पेस्किन या अमेरिकन गणितज्ञाने 1972 मध्ये यावर युक्ती काढली. रक्तासाठी चौकटींची स्थिर जाळी घ्यायची आणि पडद्यासाठी तिच्यातून सरकणारे बिंदू. बिंदू रक्तावर जोर लावतात, रक्त त्यांना वाहून नेतं.

कृत्रिम झडपांचे आराखडे पारखायला अशी गणितं फार मोलाची आहेत. पण रुग्णाने त्या रंगांवर भाळून तपासणी लांबवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिडिओतली झडप तुमची नाही. पडदा किती जाड, किती ताठ, हे कॉम्प्युटरला कोणीतरी सांगावं लागतं. आपल्याकडे लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापानंतर पडदे जाड होऊन कडांना चिकटलेले अनेकदा दिसतात. अशा झडपेसाठी निरोगी झडपेचे आकडे भरले तर चित्र सुंदर येईल आणि उत्तर साफ चुकेल.

तुमचं माप इको देतो. निरोगी मायट्रल झडपेचं तोंड 4 ते 6 चौरस सेंटीमीटर असतं, 1.5 किंवा त्याहून कमी असेल तर आजार गंभीर. फुग्याने झडप रुंद करायची की शस्त्रक्रिया, हे ठरवतानाही पडद्यांची अवस्था इकोतच पाहतात. (पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.)

काकांचा इको त्याच दिवशी केला. तोंड 1.2 निघालं. पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन बोलावलं आहे.