दासगावच्या खाडीपासून तळ्यापर्यंत

२० मार्चला आणि २५ डिसेंबरला आपली माणसे महाडला जातात. ट्रक, टेम्पो, एसटी भरभरून जातात. चवदार तळ्याला वंदन करायचे, क्रांतिस्तंभाकडे जायचे, भाषणे ऐकायची, एखादी पुस्तिका विकत घ्यायची आणि अंधार पडायच्या आत परतीची गाडी धरायची. त्या गर्दीत लहान मुलांना दिसते ती फक्त पुढच्या माणसाची पाठ. म्हणून माझे सांगणे असे की एकदा गर्दी नसलेल्या रविवारी मुलाबाळांसह महाडला जावे, आणि सुरुवात तळ्यापासून न करता दासगावच्या खाडीपासून करावी.

दासगाव महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या खाडीवर आहे. पहिल्या परिषदेसाठी धावपळ करणारे रा. बा. मोरे या गावचे. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब आणि मुंबईचे सत्याग्रही 'पद्मावती' बोटीने येथे उतरले. धरमतरवरून यायचे तर मोटारवाले ऐनवेळी नाकारतील ही धास्ती होती. बंदरावरून सत्याग्रही पाच मैल चालत महाडला पोहोचले. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. मुलांना हे पुस्तकातून सांगितले तर ते ऐकून सोडून देतात. खाडीच्या काठावर उभे करून सांगितले की विचारतात, "बोट कुठे लागायची? मग जेवण कुठे केले?" असे प्रश्न आले की फेरी वसूल झाली समजावे.

एक प्रश्न हमखास येतो. एवढी मोठी नदी असताना तळ्याच्या पाण्यासाठी भांडण कशाला? खाडीत भरतीचे खारट पाणी शिरते हे त्यांना तेथेच दाखवता येते. पण खरे उत्तर वेगळे आहे. तळे सार्वजनिक होते. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली मंजूर केला होता, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर हक्क होता, पाण्यापर्यंत जाता येत नव्हते. आम्हा कारकून लोकांना कागद आणि व्यवहार यांतले हे अंतर चांगलेच ठाऊक आहे!

आता मूळ वाटेविषयी. ती आठ किलोमीटर वाट आज मुलांना घेऊन चालू नये. चौपदरी झालेल्या मुंबई-गोवा महामार्गावर वाहने सुसाट जातात. दासगावहून मिळेल त्या वाहनाने गांधारपाल्यास यावे. रस्त्याला लागूनच डोंगरात आपली लेणी आहेत, सुमारे तीस. पायऱ्या चढताना दम लागतो, पण आजीबाईसुद्धा बसत-उठत पोहोचतात. येथील एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याची नोंद आहे. चैत्याबरोबर पाण्याचीही नोंद, हे मुलांना जरूर दाखवावे. वर सावलीत बसून भाकरी खावी. खाली गांधारी नदी दिसते, ती पुढे सावित्रीला मिळते.

तेथून महाड जेमतेम तीन किलोमीटर. रस्ता सपाट आहे. महामार्गाजवळ मुलांचा हात सोडू नये. गांधारीचा पूल ओलांडून गावात शिरले की मग रमतगमत तळ्यापर्यंत जावे.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत. काठावरून दिसल्या तर मुलांना आनंद होईल, पण पाय बुडवायलासुद्धा पाण्यात उतरू नये. आणि पावसाळ्यात ही फेरी काढू नये. २००५ च्या जुलैत दासगावावर दरड कोसळून माणसे गेली, २०२१ च्या जुलैत महाड शहर पुरात बुडाले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

खर्चाचे म्हणाल तर एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. रेल्वेने यायचे तर कोकण रेल्वेचे वीर स्टेशन जवळ पडते. डबा, पाणी, टोपी आणि मुलांसाठी एक वही घेतली की झाले.

सत्याग्रहाची शताब्दी २०२७ सालची. शताब्दी म्हटली की कमानी येतात, फलक येतात, मंडप येतात. ते व्हायला हरकत नाही. पण दासगाव ते महाड, नदीच्या बाजूने, वाहनांपासून वेगळी अशी साधी पायवाट, दर मैलाला एक झाड आणि पिण्याच्या पाण्याचा नळ, एवढे मागायला काय हरकत आहे? आपल्या विहाराच्या, मंडळाच्या लेटरहेडवर असे एकेक निवेदन नगरपालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना गेले पाहिजे. मजकूर लांबलचक नको, अर्ध्या पानात बसतो. पोच घ्यायला विसरू नका.