मोहोर फुटलेली दिसली पाहिजे

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याकडून आलेला ट्रक थांबतो. ताडपत्रीची दोरी सोडली जाते, माल हलवून पाहिला जातो, दोरी परत आवळली जाते. पण गाठ पहिल्यासारखी पडत नाही. ज्याने ती सकाळी बांधलेली असते, त्याला संध्याकाळी माल उतरवताना लगेच कळतं की गाडी वाटेत उघडली होती. क्वांटम संदेशवहनाचा गाभा या गाठीत आहे. आपल्यातले जे चित्रकार आणि मांडणशिल्पकार सध्या या विषयाकडे वळले आहेत, त्यांच्याशी मला त्या गाठीबद्दलच बोलायचं आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. तेव्हापासून या नावाची चित्रं बरीच दिसू लागली. निळी झळाळी, एकमेकांत शिरणारी वलयं, मध्ये अणू आणि त्याच्याभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन. कक्षांचं हे चित्र १९१३ सालचं, नील्स बोर यांचं. १९२५ पासून उभ्या राहिलेल्या क्वांटम यामिकीने तेच मोडीत काढलं. म्हणजे विज्ञानाने टाकून दिलेली प्रतिमा आपण विज्ञानाच्याच नावाने टांगतो आहोत. मला याचं वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट याहून किती तरी अधिक हाताळता येण्याजोगी आहे.

ती गोष्ट आपल्या शेजारच्या बंगळुरात जाहीर झाली. डिसेंबर १९८४ मध्ये तिथल्या एका परिषदेत चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी गुप्त किल्ली पाठवण्याची रीत मांडली. प्रकाशाचा एकेक कण, फोटॉन, पाठवायचा. तो कधी उभा-आडवा बेतलेला, कधी तिरका. घेणारा आपल्या मनाने कधी सरळ चाळणी धरतो, कधी तिरकी. चाळणी जुळली तर उत्तर बरोबर, नाही जुळली तर छापा-काटा. नंतर दोघं उघडपणे फक्त चाळण्या ताडून पाहतात आणि न जुळलेले कण टाकून देतात. मध्ये कोणी प्रत्येक कण पकडून, वाचून पुढे धाडला असेल, तर उरलेल्या नोंदींपैकी साधारण चौथा हिस्सा चुकीचा निघतो. दोघांनी थोड्या नोंदी जाहीरपणे ताडल्या की चोरी उघडी पडते. इथे कुलूप मजबूत असण्याला महत्त्व नाही. हात लागला की खूण उरते, एवढ्यावर सगळं उभं आहे.

इन्सुलीचा घाट चढून गेलं की सावंतवाडी. तिथल्या चितारआळीत लाकडी खेळण्यांवर जी लाख चढते, तीच लाख एके काळी खलित्यावर मोहोर होऊन बसायची. मोहोर कोणाला अडवत नसे. ती फुटलेली दिसायची, एवढंच तिचं काम. लाखेत हात घातलेला कारागीर क्वांटम किल्लीचं मर्म प्रदर्शनातल्या फलकाशिवाय समजून घेऊ शकतो, असं मी म्हणतो ते यामुळे.

सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे रंगवलेल्या पत्त्यांचा खेळही पाहा. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ही कला जगवली. दशावतारी डावात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, एकूण १२० गोल पानं. एका अवताराचा एक रंग. पाच रंगांत आकड्यांचा चढता क्रम जो, तोच उरलेल्या पाचांत उलटा. एकाच आकड्याची किंमत रंग कळल्याशिवाय ठरत नाही. चाळणी कळल्याशिवाय फोटॉनचं उत्तर वाचता येत नाही, याच्या हे जवळ जातं. पण इथे थांबावं लागतं. पान उलटं करून चोरून पाहिलं तरी ते तसंच राहतं, फोटॉन राहत नाही. मोहोरही वितळवून परत उठवता येते. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल मात्र काढताच येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालं. उपमा जिथे तुटते तिथे कलावंताचं काम सुरू होतं, असं मला वाटतं.

यूलियान फॉस-आंद्रेए या भौतिकशास्त्र शिकलेल्या शिल्पकाराचा २००६ चा ‘क्वांटम मॅन’ म्हणजे पोलादी पत्र्यांच्या समांतर उभ्या पट्ट्यांचा माणूस. समोरून भरीव, बाजूने जवळजवळ नाहीसा. शिल्प सुंदर आहे. पण पुन्हा समोर आलात की तो जसाच्या तसा परततो, पाहण्याची किंमत कोणीच मोजत नाही. त्यापेक्षा भौतिकशास्त्रज्ञ आन्टोन त्सायलिंगर यांनी २०१२ मध्ये कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात खरे प्रयोगच मांडले, ते मला अधिक प्रामाणिक वाटतं. दहा वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे कलावंताला प्रयोगशाळेचं दार सहसा उघडं नसतं. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले. त्याचं संदेशवहनाचं केंद्र आयआयटी मद्रासला आहे, संवेदन-मापनाचं मुंबईच्या आयआयटीत. मुंबईतच होमी भाभांनी टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या भिंती चित्रांनी भरल्या, चित्रकार हुसेन यांचं भित्तिचित्र तिथे आजही आहे. त्या परंपरेच्या शहरात चित्रकाराला चार महिने प्रयोगशाळेत बसायला जागा मिळावी, ही मागणी आपण एकत्र करायला हवी. बसल्यावर काय काय सापडतं! बेनेट-ब्रासार यांची रीत पहिल्यांदा १९८९ मध्ये टेबलावर, जेमतेम फूटभर अंतरात चालली. त्या यंत्राचा वीजपुरवठा फोटॉनच्या प्रत्येक बेतणीला, उभ्या-आडव्या की तिरक्या, वेगळा आवाज करायचा, त्यामुळे गुपित कानाने ऐकता येत असे. एखाद्या ध्वनिकलावंताने यावर अजून काम केलं नसेल, तर करावं.

तोवर घरी करून पाहण्याजोगं. ध्रुवीकरण करणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात धरा, मागचा दिवा विझल्यासारखा होतो. आता तिसरी पट्टी त्या दोघींच्या मध्ये तिरकी सरकवा. अडवणारी पट्टी वाढली, तरी उजेड परत येतो. कारण पट्टी प्रकाश नुसता तपासत नाही, तपासताना त्याला नवी दिशा देते. यावर काही रचलंत, तर ती तिसरी पट्टी चौकटीत पक्की बसवू नका. पाहायला आलेल्याच्या हातात द्या.